रुपया-पौंडाचा विनिमय : लाभ कोणाचा, भार कोणावर?

दोन देशांच्या चलनांची अदलाबदल म्हणजे विनिमय, आणि एका चलनाच्या मोबदल्यात दुसरे किती मिळते ते प्रमाण म्हणजे विनिमय दर. बँकेच्या फलकावर प्रत्येक परकीय चलनापुढे दोन दर लिहिलेले असतात. बँक आपल्याकडून परकीय चलन घेते तो खरेदीचा दर आणि आपल्याला देते तो विक्रीचा दर. विक्रीचा दर थोडा जास्त असतो. त्या फरकातून बँकेचा खर्च व नफा निघतो.

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. आमच्यासमोर येणारा ग्राहक "आज भाव काय?" एवढेच विचारतो. परंतु विद्यार्थ्यांनी त्यापुढचा प्रश्नही विचारावा : भाव बदलला की लाभ कोणाचा होतो व भार कोणावर पडतो? हे समजण्यासाठी आपल्याच रुपयाचा इतिहास पाहू.

ब्रिटिश अमदानीत १ पौंड म्हणजे २४० पेन्स असत. पौंड सोन्याशी बांधलेला, रुपया मात्र चांदीचा. १८७० नंतर युरोपातील अनेक देश सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदी स्वस्त झाली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८७१-७२ साली रुपयाला सुमारे २३ पेन्स मिळत, ते १८९४-९५ साली सुमारे १३ पेन्सवर आले. भारत सरकारला पेन्शन, कर्जावरील व्याज इत्यादींसाठी दरवर्षी लंडनला पौंडांत रक्कम द्यावी लागे. १०० पौंड भरायला पहिल्या दराने सुमारे १,०४३ रुपये लागत, दुसऱ्या दराने सुमारे १,८४६. हा वाढीव बोजा अखेर इथल्या करदात्या रयतेवरच होता. घसरण थांबवण्यासाठी १८९३ साली सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. १८९८ पर्यंत दर १६ पेन्सवर आला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हा दर टिकला नाही. पुढे १६ पेन्स की १८ पेन्स, असा मोठा वाद झाला आणि १९२७ साली १८ पेन्सचा दर कायद्याने ठरला. आता हिशेब करू. विलायतेत १० पौंडांना विकलेल्या कापसाचे १६ पेन्सच्या दराने १५० रुपये होतात. १८ पेन्सच्या दराने १३३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे कापूस विकणाऱ्याचे नुकसान. उलट १० पौंडांचे यंत्र मागवणाऱ्याला तेवढीच बचत. माल तोच, पौंड तेवढेच. फक्त दर बदलला.

मग रुपया स्वस्त असणेच देशाच्या हिताचे, असे कोणी म्हणेल. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विवेचन मोलाचे आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांनी या मताची चिकित्सा केली. रुपया घसरला की देशात वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणून निर्यातदाराला होणारा लाभ परदेशातून आलेला नसतो. तो देशातल्याच मजुराच्या पदरातून गेलेला असतो. यास्तव केवळ पौंडाशी दर स्थिर ठेवून भागणार नाही, रुपयाची वस्तू विकत घेण्याची शक्ती स्थिर राहिली पाहिजे, आणि त्यासाठी रुपये काढण्यावर पक्की मर्यादा हवी, असे त्यांनी मांडले. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

हा विचार आजही उपयोगी आहे. १९९३ पासून आपल्या रुपयाचा दर मुख्यतः बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरतो. रुपया उतरला की आखातात नोकरी करणाऱ्या मुलाच्या पैशांचे घरी जास्त रुपये होतात. त्याच वेळी बाहेरून येणारे खनिज तेल आणि खाद्यतेल महागते. पैसे येणाऱ्या घराला दोन्ही बाजू लागू होतात. शेजारच्या रोजंदारी मजुराच्या वाट्याला मात्र केवळ महागाई येते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातील रुपयाचा भाव महिनाभर वहीत टिपावा. प्रत्येक चढ-उतारापुढे दोन रकाने आखावेत : मिळाले कोणाला, गेले कोणाचे? दुसरा रकाना रिकामा सोडू नये.