काळीच्या कानाची खाच

लालबागला आमची चाळ आहे. जिन्याखाली काळी नावाची कुत्री राहते. ती वर्षातून दोनदा व्यायची. एका खेपेला पाच-सहा पिल्ले! काही मोटारीखाली जात, काही उपाशी मरत. चाळकरी वैतागले. "पोत्यात घालून लांब सोडा," असे मीसुद्धा म्हणालो.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, काळीला नेली तर दुसरी येईल. उकिरडा तर इथेच आहे ना?"

खरेच होते ते. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईत भटकी कुत्री मारायला माणसे लावली. पारशी लोक चिडले, दंगल झाली. पुढेही पालिका पुष्कळ वर्षे कुत्री मारीत होती. कुत्री काही संपली नाहीत. शेवटी १९९४ पासून मारणे थांबले आणि नसबंदी सुरू झाली.

वहिनी सुट्टीच्या दिवशी एका धर्मादाय दवाखान्यात बिनपगारी सेवा करतात. शस्त्रक्रिया डॉक्टरच करतात. पण कुत्रे पकडायला ओळखीचा माणूस लागतो. वहिनींनी विचारले, "काळी कोणाच्या हातची भाकरी खाते?"

"माझ्या."

"मग तुम्हीच चला."

मी भाकरी दाखवली. काळी शेपूट हलवीत आली. तोच तिच्यावर जाळी पडली. तिने माझ्याकडे पाहिले. मला फार वाईट वाटले.

दवाखान्यात तिला भूल दिली. पिशवी काढली. पिसाळण्याच्या रोगावरची लस टोचली. ओळखीसाठी कानाला लहानशी खाच केली. मी पाणी ठेवले, पिंजरे धुतले. कोणते कुत्रे कोठून आणले, हे वहीत लिहिले. ही वही महत्त्वाची बरे का! बरे झालेले कुत्रे त्याच्याच गल्लीत सोडायचे असते. २०२३ च्या सरकारी नियमांतही तसेच आहे. ओळखीचे, लस टोचलेले कुत्रे आपली जागा राखते. नव्या कुत्र्यांना सहसा येऊ देत नाही.

पाचव्या दिवशी काळी घरी आली. तीन दिवस माझ्याजवळ फिरकली नाही. चौथ्या दिवशी हातातून भाकरी घेतली. त्यानंतर ती व्याली नाही. आता मी दर रविवारी वही लिहायला जातो.

लक्षात ठेवा : कुत्रे चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस बहुधा वाचत नाही.

सांगा पाहू :
१. काळीला लांब सोडून काय झाले असते?
२. वहीत काय लिहितात? का?
३. तुमच्या गावची कुत्री कोणाच्या हातची भाकरी खातात?