खुर्चीवरून उठता येतं का, ते आधी पाहा

सातारा

चि. बेबीस,


परवा रात्री तुझा फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. लठ्ठपणाच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची म्हणालीस आणि लगेच आवाज खाली करून म्हणालीस, "आत्या, घरात अजून कुणाला बोलले नाही. ५७व्या वर्षी ही थेरं कशाला, असंच म्हणतील." तो शब्द मनातून जाईना. ७ वर्षांपूर्वी, ६३व्या वर्षी, मी स्वतःला हाच शब्द लावून वर्षभर निर्णय पुढे ढकलला होता. फोनवर तुला रडू येतं आणि मग माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. सावकाश वाच.

आधी वयाचं. लठ्ठपणावर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनांच्या अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांनी २०२२ साली मिळून नवे निकष काढले. त्यात वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. माणूस किती वर्षांचा आहे यापेक्षा तो अंगाने किती खचलेला आहे ते तपासा, असं त्यांचं म्हणणं. बीएमआय ४० हवा, किंवा सोबत आजार असतील तर ३५, हा १९९१पासूनचा दंडकही त्यांनी खाली आणला, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी तर आणखी खाली. तुझी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. म्हणजे तुझा बीएमआय ४२च्या वर जातो. त्यात १६ वर्षांची शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं आणि दोन्ही गुडघे. दादाला, तुझ्या बाबांना, हीच शुगर होती. शेवटची वर्षं डायलिसिसला नेता-आणता आपण काय पाहिलं, ते तुला मी सांगायला नको. तू उपचार घेते आहेस. याला थेरं म्हणत नाहीत.

आता माझी चूक सांगते. तुला सांगायचं म्हणून जे काही माझ्यापाशी आहे, ते मुख्यतः हेच आहे.

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये चालवलं, चौथ्या दिवशी घरी आले. महिन्याभरात इन्शुलिन सुटलं. वर्षात ३१ किलो उतरले. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहायचे आणि आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायचे. जो येई तो कौतुक करी. खाणं किती कमी झालंय याचा मला अभिमान वाटायचा. दोन घास भात, चमचाभर वरण, संपलं जेवण. सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. पुण्याला जायचा कंटाळा केला. बरं वाटतंय तर कशाला, म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सोडल्या.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी गॅसवरून कुकर उतरवायला गेले. रोजचाच, पाच लिटरचा. दोन्ही हातांनी उचलला आणि मनगटं थरथरायला लागली. ओट्यावर न्यावा तर तेवढं बळ नाही, परत शेगडीवर टेकवावा तर नेम नाही. तशीच कुकर धरून उभी राहिले आणि सुनेला हाक मारली. तिने तो माझ्या हातातून घेतला, एका हाताने, दुसऱ्या हातात तिचा मोबाइल होता. त्यानंतर आठवडाभरात न्हाणीत पाटावरून उठताना तोल गेला आणि डावं मनगट मोडलं.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, मग मला साध्या खुर्चीवर बसवलं. हात छातीशी दुमडायचे आणि कशाचाही आधार न घेता पाच वेळा उठून बसायचं. मला तिसऱ्या वेळी उठता आलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुमचं वजन गेलंय, पण त्यातली चरबी किती आणि स्नायू किती, हे कुणी पाहिलंय का?" कुणीच पाहिलं नव्हतं. मी तर नाहीच.

बेबी, हे नीट समजून घे. अंगावरचं वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी उतरत नाही, तिच्याबरोबर मांसही उतरतं. पंचविशीतली मुलगी ते भरून काढते. आपल्या वयात ते आधीच दरवर्षी थोडंथोडं चाललेलं असतं आणि परत आणायला फार कष्ट पडतात. पाळी गेल्यावर हाडं पातळ होतात ती वेगळीच, आणि या ऑपरेशनने त्यात भर पडते. म्हणून तरुणपणी हे ऑपरेशन करणं आणि आपल्या वयात करणं यात फरक आहे. तारखेच्या आधीच हाडांची डेक्सा तपासणी करून घे आणि तो कागद जपून ठेव.

ती खुर्चीची परीक्षा तूही घे. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीशी, आणि पाच वेळा उठ-बस. जावईबापूंना शेजारी उभं कर आणि घड्याळ त्यांच्या हातात दे. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांत बळ कमी आहे असं समजतात. तसं निघालं तर ऑपरेशन रद्द करायचं कारण नाही, पण महिना-दीड महिना फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम करून घेऊन मग जा. गुडघे सोसतील तेवढंच कर. नुसतं चालणं पुरत नाही. ओझं उचलल्याशिवाय, खुर्चीवरून उठबस केल्याशिवाय मांस टिकत नाही.

दुसरी अर्धी गोष्ट ताटातली. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. आपल्या घरचं गोडं वरण म्हणजे बहुतेक पाणीच. घट्ट डाळीच्या वाटीतसुद्धा ५-६ ग्रॅमच असतात. अंड्यात ६, वाटीभर दह्यात ५, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. आणि जठर तर सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटीही घेत नाही. हिशेब करून पाहा, नुसत्या जेवणावर तो जमत नाही. म्हणून पहिले काही महिने प्रोटीन पावडर घ्यावीच लागते, कितीही नावडती असो. जेवताना पहिला घास डाळीचा, पनीरचा किंवा अंड्याचा. मग भाजी. भाकरी आणि भात शेवटी, जागा उरली तर. आयुष्यभर पहिला वरणभात वाढण्याची सवय आहे आपल्याला, ती मोडायला मला मनगट मोडण्याइतकाच त्रास झाला.

तुझा जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीवर विश्वास आहे आणि दिवसातून दोनदाच जेवून तू मागे सहा किलो उतरवलेही होतेस. ते आता चालणार नाही. लहान जठराला पाच-सहा वेळा थोडंथोडं द्यावं लागतं. आणि एकादशी, संकष्टी, नवरात्र. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट सोडलं तर नुसता स्टार्च. ४० वर्षं केलेली एकादशी सोडताना मी देवासमोर बसून रडले होते. तू चातुर्मासाचे सगळे उपास करतेस, म्हणून आधीच सांगते. हा निर्णय मनाशी आत्ताच करून ठेव, नंतर सासूबाईंसमोर अवघड जाईल.

ऑपरेशन कुठलं, ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायचं काय ते ऐक. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊणएक भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी राहते. भूक लावणारं घ्रेलिन ज्या भागात जास्त तयार होतं तो भागच जातो, म्हणून भूक कमी होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती खाली आतड्याला जोडतात. (घरात सांगताना एवढं स्पष्ट कर, नाहीतर बायपास म्हटलं की सगळे हृदयाचं समजतात.) ज्यांना जुनी अॅसिडिटी आहे, घशाशी जळजळतं, त्यांचा तो त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. उलट बायपासनंतर गुडघ्यांच्या वेदनाशामक गोळ्या धोक्याच्या, जोडलेल्या जागी अल्सर होतो. तू तर दोन्हींतली आहेस. जळजळही आहे आणि सकाळ-संध्याकाळ ती गुडघ्याची गोळीही. ती गोळी तू मेडिकलमधून परस्पर घेतेस हे मला माहीत आहे. डॉक्टरांना नावासकट सांग. मिश्री लावतेस तेही सांग. तंबाखू सुटल्याशिवाय टेबलावर जाऊ नकोस.

शुगर पूर्णपणे जाईल असं धरून चालू नकोस. जितकी जुनी आणि जितकं इन्शुलिन जास्त, तितकी ती पूर्ण जाण्याची शक्यता कमी. माझी गोळी एक अजून चालू आहे. पण उतरेल नक्की, आणि भराभर उतरेल, तिथेच जपायचं. जुन्याच मापाने इन्शुलिन आणि बीपीच्या गोळ्या घेत राहिलीस तर चक्कर येऊन पडशील. पहिल्या महिन्यात मापं पुन्हापुन्हा बदलून घ्यावी लागतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व मात्र जन्मभर, माझ्यासारखं सोडायचं नाही. घरी आल्यावर ताप आला, नाडी १२०च्या वर राहिली, पोटात किंवा खांद्यात असह्य दुखलं, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठायचं. उलट्या थांबत नसतील तरीही. बाकी केस गळतात, तोंड उतरतं, दंडाची कातडी लोंबते. लोक विचारतात, "बरं नाही का?" केस पुन्हा येतात.

तुझ्या लेकीने इंजेक्शन सुचवलंय ना, मौंजारो. मार्च २०२५मध्ये ते आपल्याकडे आलं. ते औषध खरंच गुण देतं आणि तिने आईची काळजी म्हणूनच सांगितलं, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस, डॉक्टरांपुढे दोन्ही पर्याय ठेव. पण बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, आणि मांस तिथेही जातंच. खुर्ची आणि डाळ यातून त्या वाटेनेही सुटका नाही.

पैशांचं थोडक्यात. माझ्या वेळी विमा कंपनीने सरळ नकार दिला, ग्रॅच्युइटीतले ३ लाख गेले. २०१९मध्ये विमा नियामकाने नियम घालून दिले. आता बीएमआय ४०च्या वर असेल, किंवा ३५च्या वर असून आटोक्यात न येणारी शुगर किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास यांसारखे ठरावीक आजार असतील, तर या ऑपरेशनला सरसकट नकार देता येत नाही. तरी पॉलिसीतली प्रतीक्षा मुदत बघ आणि मंजुरी लेखी घे.

आणि घरात सांग. मी नातेवाइकांना पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. चार महिन्यांनी पुतण्याच्या लग्नात पंगतीत बसले. यजमानीणबाईंनी प्रेमाने जिलबी वाढली, मी नको म्हटलं, त्यांनी हात धरून दुसरी वाढली. माझा बायपास झालेला, त्याला गोड सोसत नाही. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने ब्लाउज भिजला, मांडवामागे नेऊन मला आडवं केलं. त्या बाईंची काही चूक नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं. आपल्याकडे माणसं खाऊ घालून प्रेम करतात. खरं काय ते कळलं की तीच माणसं तुझ्यासाठी वेगळी मुगाची धिरडी करतील. आज माझ्या जाऊबाई मी येणार म्हटलं की आदल्या रात्री चक्का बांधून ठेवतात, बिनसाखरेचा.

मनगटाचं प्लॅस्टर निघाल्यावर मी गाव सोडून बाकी सगळं बदललं. दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली करायचे, खुर्चीवरून उठायचं, सुरुवातीला तीन, मग पाच, मग दहा. वजन चार किलो परत वाढलं. त्यातली सगळीच चरबी नव्हती, आणि मला त्याचं दुःख नाही. गुडघ्याचं तर एवढंच सांगते, की अंगावरचा एक किलो गेला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. गेल्या आषाढात मी माउलींच्या पालखीबरोबर लोणंदहून तरडगावला चालत गेले आणि चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण गर्दीत उभी राहून पाहिलं. परतीच्या एसटीच्या उंच पायरीवर दांडी धरून स्वतः चढले. ऑपरेशनच्या आधी कंडक्टरला खाली उतरून हात द्यावा लागायचा.

तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येते आणि तीन आठवडे राहते. पातळ आहाराचं सगळं मी बघेन, तू मीठ-साखरेची काळजी करू नकोस. आज रात्री जावईबापूंना सगळं सांग. उद्या संध्याकाळी खुर्ची भिंतीला लाव, आणि पाच वेळा उठायला किती सेकंद लागले तो आकडा मला फोन करून कळव.

तुझी,
आत्या