मानेतील रोहिणीची लपलेली इजा

दुचाकीवरून पडलेला एक तरुण शुद्धीवर आहे, व्यवस्थित बोलतो आहे. मानेवर थोडे खरचटले आहे, इतकेच. मेंदूच्या चित्रात दोष दिसत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात लुळा पडतो आणि वाचा जाते, असे समजा. मेंदूला मार लागलेला नसताना पक्षाघात का व्हावा?

याचे कारण मानेत असते. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या चार रोहिण्या मानेतून वर जातात : पुढे दोन ग्रीवा-रोहिण्या, मागे मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन कशेरुक-रोहिण्या. मान एकाएकी मागे झुकून पिळली गेली, की ग्रीवा-रोहिणी वरच्या मणक्यांवर ताणली जाऊन तिचा आतील नाजूक थर फाटतो. बाहेर रक्ताचा थेंबही येत नाही. फाटलेल्या जागी गुठळी धरते. ती वाढून वाट बुजविते, किंवा तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो. यास काही तास, क्वचित काही दिवस लागतात. निदान करावयाचे ते याच अवधीत.

बंगळूर येथील निम्हॅन्स ही संस्था १९७४ मध्ये, तेथील जुने मनोरुग्णालय व १९५४ सालची मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली. कर्नाटकातून व शेजारच्या राज्यांतून डोक्याला मार लागलेले रुग्ण तेथे आणले जातात. अशा ठिकाणी मेंदूबरोबर मानेकडेही पाहावे लागते.

साध्या क्ष-किरणचित्रात रोहिणी दिसत नाही. रक्त आणि स्नायू दोन्ही क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच. लिस्बनचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये ग्रीवा-रोहिणी शस्त्राने उघडी करून तीत सोडियम आयोडाइडचा द्राव सोडला. आयोडीन क्ष-किरणांना अडविते, त्यामुळे मेंदूच्या रोहिण्यांचे जाळे चित्रात उमटले. पुढे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे संगणकीय छेदचित्र घेतले. आज या दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत. हाताच्या नीलेत आयोडीनयुक्त द्राव टोचतात आणि काही सेकंदांत मानेचे शेकडो छेद टिपले जातात.

त्यांत कोठे रोहिणी अरुंद झालेली दिसते, कोठे आतला पापुद्रा सुटलेला, कोठे भिंतीबाहेर फुगा आलेला. पूर्ण बंद पडलेली ग्रीवा-रोहिणी पुष्कळदा ज्योतीसारखी निमुळती होत संपते. अमेरिकेतील डेन्व्हरच्या शल्यविशारदांनी १९९९ मध्ये या इजांच्या पाच श्रेणी ठरविल्या. पाचवी म्हणजे रोहिणी आरपार तुटणे. ध्वनिलहरींची तपासणी स्वस्त खरी, पण कवटीच्या तळाजवळील भाग तिला नीट दिसत नाही.

सर्वच जखमींचे असे चित्र घेणे योग्य नव्हे. वरचे मणके वा कवटीचा तळ मोडला असेल, एक पापणी खाली आली असेल, किंवा मेंदूच्या चित्रावरून उलगडा होत नाही असा लुळेपणा असेल, तर मात्र विलंब करू नये.

खरी अडचण पुढेच आहे. गुठळी रोखण्यास ॲस्पिरिन किंवा हेपारिन द्यावे लागते. त्याच रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर हेच औषध घातक ठरू शकते. तेव्हा मेंदूचे व मानेचे चित्र शेजारी ठेवून शल्यचिकित्सक आणि चित्रणतज्ज्ञ औषध केव्हा सुरू करावयाचे ते ठरवितात, आणि सात ते दहा दिवसांनी रोहिणीचे चित्र पुन्हा घेतात.