ईदपत्र : लेखनाचा पहिला धडा

दिव्य कुरआनात एका पत्राचा मजकूर आला आहे. सूरह नम्लमध्ये ह. सुलैमान (अ.) सबाच्या राणीला पत्र पाठवितात, हुदहुद पक्षी ते तिच्यापुढे टाकतो आणि राणी आपल्या सरदारांना त्याचा आशय सांगते. पत्र कोणाकडून आले ते, मग अल्लाहचे नाव आणि त्यानंतर अगदी थोडक्यात सांगणे, एवढीच त्याची मांडणी. राणीने त्याला प्रतिष्ठेचे पत्र म्हटले. त्या प्रतिष्ठेचे कारण काही भाष्यकारांनी पत्रावरील मोहोरेत पाहिले, तर काहींनी आरंभीच्या बिस्मिल्लाहमध्ये. सहा-सात वर्षांच्या मुलाला लेखनाकडे वळविण्यासाठी याहून सोपा नमुना माझ्या पाहण्यात नाही : मी कोण, अल्लाहच्या नावाने आरंभ, आणि मला काय सांगायचे आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात लेखनविद्या अशाच गरजेतून वाढली. बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांजवळ खंडणी नव्हती, त्यांनी मदीनेतील मुलांना लिहायला शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे ठरल्याचे चरित्रग्रंथ सांगतात. ह. जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी यहुदींची लिपी शिकण्यास सांगितले, कारण त्यांच्याशी पत्रव्यवहार करावयाचा होता, त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली. राजे मोहोरेवाचून पत्र स्वीकारत नाहीत असे समजल्यावर प्रेषितांनी चांदीची अंगठी करवून घेतली व तीवर तीन ओळींत ‘मुहम्मद’, ‘रसूल’, ‘अल्लाह’ असे कोरविले. म्हणजे पत्राच्या बाह्यरूपाचीही दखल घेतली गेली.

आता आपल्या मकतबाकडे वळू. पेडगावसारख्या परभणी जिल्ह्यातील गावात मुस्लीम मूल घरी दखनी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि सकाळ-संध्याकाळ मकतबात नूरानी कायदा वाचते. त्याच्या पाटीवर दोन लिप्या असतात. एक डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. इतके सारे शिकूनही ते कोणाला दोन ओळी लिहीत नाही. गिरविलेले अक्षर पुसले जाते, पुन्हा गिरविले जाते. ज्या अक्षराची कोणी वाट पाहत नाही, ते मुलालाही आपलेसे वाटत नाही, असे माझे मत झाले आहे.

म्हणून रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मुलांकडून हाताने ईदपत्रे करून घ्यावीत. सामान विकत आणू नये. निकाहाच्या जुन्या पत्रिकांची कोरी पाठ, घरची कणकेची खळ, पेन्सिल आणि एखादी रंगीत खडूची पेटी पुरते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, ते अशाच परिसरात मिळणाऱ्या साधनांवर. चमकी आणि चिकटपट्ट्यांत तास गेला तर लेखन राहून जाते.

कागदाची घडी घालतानाच पहिला पाठ होतो. मराठी पत्र उघडते तेव्हा घडी डाव्या हाताला असते, उर्दू पत्राची उजव्या हाताला. हा फरक फळ्यावर समजावून कंटाळा येतो. स्वतःची घडी उलटी पडली की मुलाला तो एका क्षणात कळतो.

‘ईद मुबारक’ हे शब्द तर जणू नवशिक्यासाठीच आहेत. देवनागरीत अवघी सहा अक्षरे, एकही जोडाक्षर नाही, एक उकार व एक काना. आधी लिहून नंतर उच्चारावयाची ऱ्हस्व वेलांटीही नाही. मूल जे ऐकते ते लिहू शकते. उर्दूत तसे नाही. तेथे ‘ईद’ ऐनने सुरू होते आणि तो ऐन बोलण्यात ऐकू येत नाही, ‘मुबारक’मधील उकार लिहिला जात नाही, अलिफ आणि रे पुढच्या अक्षराला जोडले जात नाहीत, त्यामुळे शेवटचा काफ एकटा उभा राहतो. दोन्ही पत्रे शेजारी ठेवली की हे भेद मुले आपण होऊन विचारू लागतात.

फळ्यावर मजकूर लिहून वीस मुलांकडून तो उतरवून घेणे मात्र निरर्थक आहे. मुलाला विचारावे, कोणाला लिहायचे आणि काय सांगायचे. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुले आजी-आजोबांजवळ राहतात, आणि अलीकडच्या वर्षांत रमजान त्या हंगामाच्या अखेरीस येत आहे. तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ असते. एका मुलीने वडिलांसाठी लिहिले, ‘बकरी कू दो बच्चे हुए’. हे वाक्य ना शाळेच्या मराठीत बसते ना मकतबाच्या उर्दूत. तरी ते तसेच राहू द्यावे. देवनागरीत दखनी सहज लिहिता येते आणि बोललेले शब्द कागदावर उतरतात हे कळणे, हाच साक्षरतेचा गाभा. चुकलेल्या वेलांटीवर पत्रातच लाल रेघ ओढू नये. ते अक्षर दुसऱ्या दिवशी पाटीवर घ्यावे. जे मूल अद्याप लिहू शकत नाही त्याचे वाक्य शिक्षकाने लिहावे, खालचे नाव मात्र मुलानेच लिहावे.

पत्र फडात पोहोचविण्यास मुकादम किंवा जाणारा-येणारा कोणी सापडतो. वडिलांना वाचता येत नसेल तर मुलाने फोनवर ते वाचून दाखवावे. मोबाइलवर सरसकट फिरणाऱ्या तयार शुभेच्छांमध्ये हे दुहेरी वाचन कधीच घडत नाही.

चित्रांविषयी पालक विचारतात. सजीवांच्या चित्रांबाबत अनेक उलेमांचा निषेध आहे. तेव्हा बकरीचे वृत्त लिहावे आणि चित्र मात्र ज्वारीच्या कणसाचे, कापसाच्या बोंडाचे किंवा चंद्रकोरीचे काढावे. यात मुलांचे काही उणे होत नाही.

एक दक्षता राहिली. निकाहपत्रिकांवर बहुधा बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असते. कातरी चालविण्यापूर्वी तो भाग मोठ्यांनी सांभाळून वेगळा काढावा, आणि असे तुकडे केरात न टाकता मशिदीतील जीर्ण पृष्ठांच्या पेटीत ठेवावेत. पेटीपर्यंत ते मुलांच्याच हाती पाठवावेत.