ज्ञानेश्वरीत शब्द शोधायची सोय करायची, तर खर्च किती?

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या. आता नेवासा तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाने, शाळेने किंवा पारायण मंडळाने ठरवलं, की शब्द टाकला की ओवी सापडेल अशी सोय करू या, तर कोटेशन कसं वाचायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याची ही माहिती.

कोटेशनमध्ये बहुतेक वेळा ‘ॲडव्हान्स्ड सर्च इंजिन’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे भारी आकडा असतो. नऊ हजार ओव्यांसाठी त्याची गरज नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हे तिन्ही डेटाबेस फुकट मिळतात आणि तिन्हींमध्ये मजकुरात शब्द शोधायची सोय मुळातच आहे. खरं काम आहे ते मजकूर स्वच्छ करण्याचं, आणि सापडलेल्या ओव्यांपैकी नेमकी हवी ती वर येईल असं बघण्याचं. पैसे या दोन गोष्टींवर खर्च करा.

आधी मजकूर. मूळ ज्ञानेश्वरीवर कुणाचाच हक्क उरलेला नाही. वि. का. राजवाड्यांनी छापलेली १९०९ ची प्रतही मोकळी आहे, कारण ते १९२६ मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शं. वा. दांडेकरांच्या सार्थ ज्ञानेश्वरीतला अर्थ मात्र तसा उचलता येणार नाही. ते १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल. अर्थासकट शोध हवा असेल तर ही परवानगी कोटेशनच्याही आधी मिळवा.

टायपिंगचा हिशेब सोपा आहे. पानाला २० ओव्या धरल्या तर साधारण ४५० पानं होतात. उदाहरणादाखल पानाला ४० रुपये धरले तर १८,००० रुपये, आणि मुद्रितशोधनाचे पानाला १५ धरले तर ६,७५०. तुमच्या गावातल्या डीटीपीवाल्याचा दर घालून आकडा बदला. मुद्रितशोधनात काटकसर करू नका, कारण चुकीची टंकलेली ओवी कुठल्याच शोधात सापडत नाही. मजकूर आधीच श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. हे रूपांतर स्वस्तात होतं, पण त्यानंतरही मुद्रितशोधन चुकत नाही. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी. ‘जैसें’ आणि ‘जैसे’ यांतही तोच घोळ. अनुस्वार न देता टाकलेला शब्दही सापडावा, अशी अट करारात लिहून घ्या.

आता शोधाकडे वळू. संगणकवाला डेमो दाखवतो तेव्हा एकच शब्द टाकतो, दहा ओव्या येतात आणि सगळे खूश होतात. गंमत दोन शब्द टाकल्यावर सुरू होते.

मायएसक्यूएलचं उदाहरण घेऊ. समजा, ९,००० ओव्यांपैकी ९०० ओव्यांत ‘कर्म’ आहे आणि ९ ओव्यांत ‘नैष्कर्म्य’. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत. मायएसक्यूएलच्या इनोडीबी पद्धतीच्या टेबलात एखाद्या शब्दाचं वजन असं निघतं: एकूण ओव्यांना शब्द असलेल्या ओव्यांनी भागायचं, त्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ओवीत तो शब्द जितक्या वेळा आला तितक्या पटीने गुणायचं. ‘कर्म’साठी भागाकार १०, लॉगॅरिदम १, वजन १. ‘नैष्कर्म्य’साठी भागाकार १,०००, लॉगॅरिदम ३, वजन ९. दुर्मीळ शब्द नऊपट भारी ठरतो.

बूलियन शोधात, म्हणजे शब्दांना अधिक-उणेची चिन्हं लावून केलेल्या शोधात, पुढे काय होतं पाहा. ‘कर्म नैष्कर्म्य’ असं चिन्हाविना लिहिलं तर यातला कुठलाही शब्द असलेली ओवी येते. दोन्ही असलेलीला १०, नुसतं ‘नैष्कर्म्य’ असलेलीला ९, नुसतं ‘कर्म’ असलेलीला १. यादी लांब, पण वरची पानं कामाची. ‘+कर्म नैष्कर्म्य’ लिहिलं तर ‘कर्म’ सक्तीचं होतं. मग नुसतं ‘नैष्कर्म्य’ असलेल्या, ९ गुण मिळवू शकणाऱ्या ओव्या यादीतून साफ जातात, आणि अभ्यासकाला बहुधा त्याच हव्या असतात. ‘+कर्म +नैष्कर्म्य’ लिहिलं तर फक्त दोन्ही शब्द असलेल्या ओव्या उरतात. एखादा शब्द दोनदा आला नसेल तर सगळ्यांना सारखेच १० गुण. मग क्रम लागतो तो जवळपास योगायोगानेच. अधिकचं चिन्ह गाळण्याचं काम करतं, क्रम लावण्याचं नाही. प्रत्येक शब्दाला अधिक लावलं की क्रम लावायला काही उरतच नाही.

उण्याचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेली ओवी बाहेर जाते, उरलेल्यांचे गुण तसेच राहतात. पारायण मंडळासाठी मला ‘~’ हे चिन्ह जास्त उपयोगी वाटतं. त्याने नकोसा शब्द असलेली ओवी यादीत राहते, पण खाली जाते. एखादा शब्द थोडा महत्त्वाचा ठरवायला ‘>’ आणि कमी महत्त्वाचा ठरवायला ‘<’ आहे. ही चिन्हं वाचकाने टाकायची नसतात. वाचक साधे शब्द टाकेल. प्रोग्रामरने आतून चिन्हं लावायची आणि कुठलं चिन्ह कधी, हे तुम्ही ठरवायचं. जुन्या मायआयसॅम पद्धतीच्या टेबलात बूलियन शोध केला तर निकाल गुणांच्या क्रमाने आपोआप लागत नाहीत. पद्धत कुठलीही असो, ‘ऑर्डर बाय’ची, म्हणजे क्रम लावायला सांगणारी, ओळ स्वतंत्र लिहून घ्यावी. नसेल तर एवढी सगळी आकडेमोड वाचकाला दिसतच नाही.

इथे नेवाशात हमखास अडेल असा एक प्रश्न. इनोडीबी तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द मुळात नोंदवतच नाही. ‘मन’, ‘तप’, ‘जग’, ‘फळ’ हे सगळे दोनच अक्षरांचे. ज्ञानेश्वरीत ‘मन’ शोधलं आणि उत्तर शून्य आलं, तर वाचक पुन्हा त्या पानावर येणार नाही. ही मर्यादा बदलता येते, पण त्यासाठी सर्व्हरची सेटिंग बदलून तो पुन्हा सुरू करावा लागतो आणि सूची नव्याने बांधावी लागते. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ही मुभा मिळत नाही. म्हणून स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर लागतो आणि होस्टिंगचा खर्च वाढतो. डिजिटलओशनसारख्या कंपनीकडे असा सर्व्हर महिना ४ डॉलरपासून आहे, पण १ जीबी मेमरीचा ६ डॉलरचा घ्यावा. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला ६,४८० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७,६४६ रुपये. ‘शेअर्ड होस्टिंगवर भागवतो’ असं कुणी म्हणालं तर ‘मन’ शोधून दाखवायला सांगा. दुसरी वाट म्हणजे शब्दाचे दोन-दोन अक्षरांचे तुकडे करून नोंदवायची, जी मायएसक्यूएलमध्ये तयार आहे. त्यात ‘मन’ सापडतं, पण ‘नमन’ आणि ‘मनुष्य’ही त्याच यादीत येतात आणि क्रम विस्कटतो. ज्ञानेश्वरीसाठी मी ती वाट धरणार नाही.

पोस्टग्रेस वेगळ्या तऱ्हेने विचार करतो. शब्द किती दुर्मीळ आहे हे त्याचं नेहमीचं रँकिंग बघतच नाही, त्यामुळे ‘कर्म’ आणि ‘नैष्कर्म्य’ त्याला सारखेच. ‘आणि’चं चिन्ह लावलं तर दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ आले हे तो पाहतो. ‘किंवा’चं लावलं तर नुसती वजनांची बेरीज करतो. म्हणजे चिन्ह बदललं की गुण काढायची रीतच बदलते. त्याची मोठी जमेची बाजू अशी, की मजकुराच्या भागांना चार पायऱ्यांचं वजन देता येतं, सर्वांत वरची १ आणि सर्वांत खालची ०.१. पसायदानाचंच बघा. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या त्या नऊ ओव्यांपैकी ‘पसायदान’ हा शब्द पहिल्या ओवीतच येतो. शोधणाऱ्याला मात्र नऊच्या नऊ हव्या असतात. प्रत्येक ओवीला विषयाचा एक वेगळा रकाना ठेवला, त्याला सर्वांत वरचं वजन दिलं आणि नऊही ओव्यांपुढे ‘पसायदान’ लिहिलं, की काम झालं. हे विषय भरायला प्रोग्रामर लागत नाही. गावातले ज्ञानेश्वरीचे जाणकार एका उन्हाळ्यात हे करू शकतात, आणि शोधाचा दर्जा याने जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशाने सुधारणार नाही.

मराठीच्या विभक्तींचं काय? पोस्टग्रेसमध्ये शब्दाचं मूळ रूप ओळखायची सोय नेपाळी, तमिळ, हिंदीसाठी आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे ‘कर्म’ शोधून ‘कर्माचें’ येत नाही. उपाय म्हणजे शब्दाच्या शेवटी अपूर्णविराम आणि ताराचिन्ह. ‘कर्म:*’ लिहिलं की कर्मापासून सुरू होणारं सगळं येतं, कर्मठसुद्धा. ‘घोडा:*’ लिहून ‘घोड्याला’ येणार नाही, ‘घोड:*’ लिहावं लागेल. नेहमीच्या शब्दांचा असा तक्ता प्रोग्रामरकडून करून घ्या. त्यात मूळ शब्द पूर्ण जुळला तर गुण जास्त, नुसता तारांकित जुळला तर कमी, अशी अट घाला. आणखी एक सवय लावा: आधी सगळे शब्द सक्तीचे धरून शोध, आणि पाचपेक्षा कमी ओव्या आल्या तर आपोआप ‘किंवा’ने पुन्हा शोध. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सर्वांत स्वस्त वाट एसक्यूलाइटची. अख्खी ज्ञानेश्वरी एका फाइलमध्ये मावते, ती मोबाइल ॲपमध्येच घालता येते आणि होस्टिंगचा खर्च उरत नाही. प्ले स्टोअरची एकदाची नोंदणी २५ डॉलर, म्हणजे वरच्याच दराने २,२५० रुपये. पण त्याची मूळ सेटिंग मात्रा आणि जोडाक्षरावर शब्द तोडते. ‘माया’ म्हणजे त्याच्या लेखी ‘म’ आणि ‘य’, त्यामुळे ‘माया’ शोधल्यावर ‘मी या’ असलेली ओवीही येते. ही सेटिंग एका ओळीत बदलते. ती बदलली आहे का, हे ‘माया’ शोधूनच पाहा. इथे गुण उणे आकड्यात येतात, जितके जास्त उणे तितकी ओवी चांगली, आणि नवखा प्रोग्रामर नेमकी यादी उलटी लावतो.

आता बेरीज. प्रोग्रामरचे आठ दिवस आणि दिवसाला ३,००० रुपये धरले तर २४,०००. त्यातले दोन दिवस फक्त क्रम लावण्यासाठी राखून ठेवा. त्याच्याकडे जीएसटी नोंदणी असेल तर ४,३२० वर. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही. बिलावर क्रमांक बघूनच पैसे द्या. टायपिंग, मुद्रितशोधन, प्रोग्रामर, जीएसटी आणि पहिल्या वर्षाचा सर्व्हर मिळून ६०,७१६ रुपये होतात. दुसऱ्या वर्षापासून फक्त सर्व्हरचे ७,६४६. वार्षिक देखभाल करार घेणार असाल तर त्यात काय येतं ते लिहून घ्या: बॅकअप, सुरक्षेचे अपडेट, आणि वर्षातून एकदा क्रम पुन्हा तपासणं. नुसती ‘देखभाल’ असं लिहिलेलं असेल तर सही करू नका.

पैसे तीन हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता चाचणीला बांधा. वीस शोधांची यादी तुम्हीच करा आणि प्रत्येकापुढे कुठली ओवी पहिल्या तिनांत यायला हवी ते लिहा. ‘मन’, ‘माया’, ‘पसायदान’, ‘कर्म नैष्कर्म्य’, अनुस्वाराशिवाय ‘जैसे’ ही पाच त्यात असू द्या, बाकीची जाणकारांना विचारून. वीसपैकी अठरा जमले की हप्ता द्यायचा. त्याच दिवशी सगळा मजकूर, डेटाबेसची प्रत आणि सर्व्हरचा पासवर्ड संस्थेच्या ताब्यात घ्या आणि तशी पोच लिहून ठेवा.