करारावर सही कोणाची?

आपण कापडवाले आधी पार्टी पाहतो, मग भाव बोलतो. युनियनशी करार करताना मात्र पगार, महागाई भत्ता, बोनस, रजा यांवरच घासाघीस होते. समोरचा माणूस कोणाच्या वतीने सही करतो आहे, हे विचारायचे राहून जाते.

मुंबईच्या गिरण्यांचा संप आठवा. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे बाहेर पडले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे 'प्रातिनिधिक युनियन' होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. सर्वांना बांधणारा करार तीच करू शके. माणसे एकीकडे आणि सहीचा हक्क दुसरीकडे! त्यात हजारो घरांची चूल विझली. आमच्यासारख्यांची उधारी अडकली ती वेगळीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. कारखान्यात अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तीच वाटाघाटीची युनियन. तेवढे कोणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद बसते. म्हणून आधी हजेरीपट पाहा.

मुदतीचेही लक्षात घ्या. करारात तीन वर्षे लिहिली, तरी चौथ्या वर्षी तो आपोआप सुटत नाही. लेखी नोटीस दिल्यावर साठ दिवस होईपर्यंत तो बांधतोच. मुदत लिहिलीच नसेल तर सहा महिने धरतात, आणि पुढे तीच नोटीस. ओळखीच्या एका प्रोसेसवाल्याने मुदत संपताच भत्ता बंद केला; मागाहून सगळी थकबाकी एकरकमी मोजावी लागली.