उसाचे पान हिरवे कशाने राहते?



साखर कारखान्यात तयार होत नाही, उसाच्या पानात तयार होते. कारखाना ती फक्त काढून घेतो, हे आपण जाणतोच. पानातही ती होते हरितलवक नावाच्या सूक्ष्म हिरव्या कणांच्या जोरावर. हे कण मंदावले की पान पिवळे पडते आणि वजनात मार बसतो. खोडवा पिवळा दिसला की संजीवकाची बाटली आणायची आणि फवारायची, असे बरेच जण करतात. ते औषध पानात जाऊन करते तरी काय, हे कळले तर आपला पैसा कुठे लागू पडेल आणि कुठे वाया जाईल, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

पानातील दोन दप्तरे

पेशीचे मुख्य दप्तर म्हणजे केंद्रक. पण हरितलवकाजवळ स्वतःचेही एक लहान दप्तर असते. उसाचे हे दप्तर २००४ साली जपान व ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी पूर्ण वाचले. ते सुमारे १ लाख ४१ हजार अक्षरांचे आहे. जपानी शास्त्रज्ञांनी त्यासाठी घेतलेली जात एनको ३१०. तिचा संकर आपल्या कोइमतूरचा आणि निवड दक्षिण आफ्रिकेतील नेटालची!

दप्तरातील एकेक नोंद म्हणजे जनुक. सातबारा दप्तरात असला तरी काम चालते त्याच्या नकलेवर. तसेच जनुकाची नक्कल निघाली, तरच त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. हवेतील कर्बवायू पकडणारे रुबिस्को हे प्रथिन घ्या. त्याचा मोठा भाग हरितलवकाच्या दप्तरातून येतो, लहान भाग केंद्रकाच्या. दोन्ही जुळल्याशिवाय यंत्र चालत नाही. शिवाय नक्कल उतरवणारे कारकूनही दोन. एक केंद्रकाने पाठवलेला, दुसरा हरितलवकाचा स्वतःचा. पण या दुसऱ्याला कोणत्या जनुकापाशी बसायचे हे दाखवणारा मदतनीस केंद्रकाकडूनच येतो.

संप्रेरक म्हणजे चिठ्ठी

या कारकुनांचे काम वाढवा किंवा थांबवा, असे सांगणारे निरोपे म्हणजे संप्रेरके. त्यांपैकी सायटोकायनिन गटातील कायनेटिन १९५५ साली अमेरिकेत स्कूग, मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. १९५७ साली दिसून आले की तोडलेले पान कायनेटिनमुळे जास्त दिवस हिरवे राहते. का राहते, याचा एक धागा पुढे सातूच्या पानांवरील प्रयोगांत सापडला. सायटोकायनिन दिल्यावर हरितलवकातील जनुकांच्या नकला जास्त निघतात, असे २००८ मध्ये दिसले; ॲब्सिसिक आम्ल दिल्यावर त्या कमी होतात, असे २०१३ मध्ये.

आता महत्त्वाचे. सायटोकायनिनचा मोठा पुरवठा मुळांकडून, मुख्यतः कोवळ्या टोकांकडून, वर येतो आणि जमिनीत नत्र मिळाले की तो वाढतो. पाण्याचा ताण पडला की ॲब्सिसिक आम्ल वाढते. पान सुरळी करते, तोंडे मिटते आणि काम आवरते घेते. सरीत पाणी साचून मुळ्या गुदमरल्या, तर वर जाणारा सायटोकायनिनचा पुरवठा घटतो. म्हणजे पानाला हिरवे राहण्याची चिठ्ठी मुळीच पाठवते.

आणि चिठ्ठी ही चिठ्ठीच. तोडणीची चिठ्ठी हातात आली म्हणून ऊस आपोआप गाडीत पडत नाही. टोळी लागते, गाडी लागते. तसे नत्र, लोह, मॅग्नेशियम, ऊन व पाणी नसेल, तर बाटलीतल्या संजीवकाने नुसता हुकूम जातो, माल होत नाही.

शिवारात काय पाहावे?

१. खालची जुनी पाने शेंड्याकडून पिवळी पडत असतील, तर नत्राची उणीव समजावी. अगदी तळाची पाने वाळणे मात्र नैसर्गिक आहे.

२. वरची कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या, हा लोहाच्या कमतरतेचा केवडा. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, तो हटकून दिसतो. संजीवकाने तो जात नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस घालून फवारावे. जमिनीतून द्यायचे तर हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावे.

३. एखादे ठोंब उकरून मुळ्या पाहाव्यात. पांढऱ्या, ताज्या असतील तर ठीक. काळ्या, कुजक्या असतील तर आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा.

४. खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत आणि पाचट न जाळता सरीत ठेवावे. नवी मुळी जोमाने फुटते, ओल टिकते.

एवढे सगळे जागच्या जागी असेल, तर शिफारशीच्या मात्रेत संजीवक जरूर वापरावे. तिथे ते उपयोगी पडते. मात्र मात्रा वाढवली म्हणजे गुण वाढतो, असे नाही. बाटलीला पैसे मोजण्याआधी माती तपासून घ्यावी आणि आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला पीक दाखवावे. पान पिवळे पडले तरी आधी पाहावे ते मुळाकडे.